हयातीचा दाखला

रात्री संगणकाने स्वतःला सुधारून घेतलं,
मला न विचारता.
सकाळी डिव्हाइस मॅनेजर उघडला तर
नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या नावाला चिकटलेला
पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह.
जणू त्यालाच नवल वाटतंय मी अजून इथे कसा.

मी पस्तीस वर्षं टेलिफोनचा लाइनमन.
प्रभादेवी, मग वरळी.
खांबाला शिडी, कमरेला पट्टा,
हँडसेट कानाला लावला की कळायचं
फॉल्ट कुठे आहे: जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, उंदीर आहे,
की घरातल्या पोराने रिसीव्हर नुसता बाजूला ठेवलाय.
तारेतली खरखरसुद्धा काहीतरी सांगायची.
ही निळी केबल आज कानाला लावून पाहिली
(हसू नका, कुणी बघत नव्हतं).
काही नाही. खरखरसुद्धा नाही.

ड्रायव्हर बिघडलाय, म्हणतो. नवा हवा.
नवा कुठे मिळेल? इंटरनेटवर.
इंटरनेटवर जायला काय लागतं? ड्रायव्हर.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही
आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.
ही म्हण करणाऱ्याने संगणक पाहिला नव्हता,
पण त्याची लाइन कधीतरी बंद पडली असणार.

चौथ्या मजल्यावरची ग्लेनिस कार्डोझ
कॉलेजला जाता जाता पेन ड्राइव्ह देऊन गेली.
"अंकल, आधी जुना काढा, मग रीस्टार्ट,
मग हा टाका. घाई नको."
जुना काढताना तो विचारतो: नक्की काढायचा?
निवृत्तीच्या दिवशी मला असं कुणी विचारलं नव्हतं.
नारळ दिला, शाल दिली, पान्हे जमा करून घेतले.

रीस्टार्ट. पंख्याची घरघर.
त्रिकोण गेला.
नेट आलं नाही.

मग काळी खिडकी उघडून पिंग.
आधी एकशे सत्तावीस शून्य शून्य एक,
म्हणजे आपणच आपल्याला हाक मारायची.
आहेस का? आहे.
आहेस का? आहे.
चार हाका, चार उत्तरं, एका मिलीसेकंदाच्या आत.
इतक्या चटकन मी स्वतःला कधी ओ दिली नाही.
मग राउटरला.
पाठवले चार, मिळाले शून्य, हरवले चार.
कुठे हरवले? टेबल ते दरवाजा
जेमतेम आठ फूट.

पण आठ फूट तार म्हणजे माझी हद्द.
तोंडात टॉर्च धरून टेबलाखाली शिरलो.
गुडघ्यांनी तक्रार नोंदवली, ती प्रलंबित ठेवली.
धूळ, शर्टाचं बटण,
हिच्या शिवणयंत्राची बॉबिन, दोरा अजून गुंडाळलेला,
आणि केबलच्या टोकाचा पारदर्शक खटका तुटलेला.
प्लग आत होता, पण धरून नव्हता.

आगकाडी मोडून फटीत सारली.
हिरवा दिवा लागला. शेजारचा नारिंगी लुकलुकायला लागला.
दोष ड्रायव्हरचा होता, खटक्याचा, की दोघांचा,
ग्लेनिसला काय सांगायचं ते ठरवायचंय.
अशा वेळी आम्ही रजिस्टरात लिहायचो:
तपासले असता ठीक.

अकराला पेन्शनचं पान उघडलं.
नोव्हेंबर आहे. मी जिवंत असल्याचं
तीस तारखेच्या आत कळवायचंय.
यंत्राच्या लाल काचेवर अंगठा ठेवला.
ठसा अस्पष्ट. पुन्हा ठेवा.
लेंग्याला पुसला, ठेवला.
ठसा अस्पष्ट. पुन्हा ठेवा.
ह्याच अंगठ्याखाली तांबं धरून सोलायचो;
रेघा उतरल्या एकेका खांबावर,
आगर बाजारपासून सेंच्युरी बाजारपर्यंत.
आता त्या गोळा करायला कुठे जाऊ?

लाइन स्वच्छ आहे. दिवा लुकलुकतोय.
अजून नऊ बोटं बाकी आहेत.